मृत्यूनंतरची मालकी

मृत्युपत्राचा विषय काढला कीं आपल्या घरांतून पहिला उद्गार निघतो तो "कशाला उगाच अशुभ बोलतां?" हा. वडील मंडळी विषय टाळतात, मुलगे संकोचानें गप्प बसतात, आणि सुना तर त्या खोलींतूनच उठून जातात. ज्याच्या घरीं दोन खोल्या आणि चार भांडीं आहेत, त्याचें या टाळाटाळीनें फारसें बिघडत नाहीं. परंतु ज्याच्या नांवावर बंगले, शेअर, कारखान्यांतील भागीदारी, बागाईत आणि जडजवाहीर आहे, त्याच्या घरांत हा संकोच पुढच्या पिढीच्या माथ्यावर वीस-वीस वर्षांचे दावे ठेवून जातो. आज मला बोलावयाचें आहे तें अशा घरांविषयीं. त्यांतही ज्यांनीं हा विषय टाळला त्यांच्याविषयीं थोडें, आणि ज्यांनीं तो फार हौसेनें, फार खोलांत शिरून हाताळला त्यांच्याविषयीं अधिक.

श्रीमंत माणसाला दोन भयें असतात. आपल्यामागें पैसा उधळला जाईल, हें एक. आणि तो नको त्या हातीं जाईल, हें दुसरें. मुलगा व्यसनी निघाला, जांवई लोभी निघाला, नातू परदेशीं जाऊन तेथेंच राहिला, भावाभावांनीं वाटणी मागून वाडा विकून टाकला, असलीं चित्रें त्याच्या डोळ्यांपुढें रात्रीं उभीं राहतात. मग तो चांगल्यांतला वकील गांठतो आणि म्हणतो, "असा कांहीं दस्तऐवज करा कीं, मिळकत माझ्या मोठ्या मुलानें जन्मभर भोगावी, त्याच्यामागें त्याच्या मोठ्या मुलानें, त्याच्यामागें त्याच्या, आणि मधल्या कोणालाही ती विकतां, गहाण ठेवतां किंवा वांटतां येऊं नये." ऐकायला हें शहाणपणाचें वाटतें. आपल्या देशांतील एका अतिशय हुशार माणसानें नेमकें हेंच करून पाहिलें, आणि त्यांतून हिंदु कायद्यांतील एक फार गाजलेला निकाल जन्माला आला. ती हकीकत मी जरा सविस्तर सांगणार आहें.

कलकत्त्याच्या पाथुरियाघाटा भागांत टागोर घराण्याची एक शाखा होती. रवींद्रनाथांची जोडासांको येथील शाखा ती निराळी. मूळ वंश एकच. या पाथुरियाघाटा शाखेंत प्रसन्नकुमार टागोर हे १८०१ सालीं जन्मले. ते मोठे जमीनदार तर होतेच, पण जमीनदारीपेक्षां त्यांची कीर्ति वकिलीवर उभी होती. सदर दिवाणी अदालतींत ते सरकारी वकील होते. ब्रिटिश इंडियन असोसिएशन या संस्थेच्या प्रमुख चालकांत त्यांची गणना होत असे. कायद्याची अशी एकही खांच नव्हती कीं जी त्यांनीं तपासून पाहिली नव्हती. त्यांना ज्ञानेंद्रमोहन नांवाचा एकुलता एक मुलगा होता. या मुलानें १८५१ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि रेव्हरंड कृष्णमोहन बॅनर्जी यांच्या कन्येशीं विवाह केला. पुढें तो विलायतेस गेला आणि १८६२ सालीं लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाला. बॅरिस्टर होणारा तो पहिला हिंदी मनुष्य. इतर कोणत्याही घरांत या बातमीनें पेढे वांटले गेले असते!

१८६८ सालीं प्रसन्नकुमार वारले. मृत्युपत्र उघडलें तेव्हां त्यांत मुलासाठीं कांहींच ठेविलेलें नव्हतें. आतां येथें श्रोत्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. धर्मांतर केल्यानें वारसाहक्क बुडत नाहीं, असा कायदा सरकारनें १८५० सालींच केला होता. म्हणजे बापानें मृत्युपत्र न करतां डोळे मिटले असते तर सारी मिळकत ज्ञानेंद्रमोहनाकडेच गेली असती. दुसरी गोष्ट अशी कीं, बंगाल्यांत दायभाग पद्धति चालते. त्या पद्धतीप्रमाणें बाप हयात असेपर्यंत वडिलोपार्जित मिळकतींतही मुलाला जन्मतः हक्क नसतो. आपल्याकडील मिताक्षरा पद्धतींत तो असतो. हाच प्रकार पुण्यांत किंवा नागपुरांत घडता तर वडिलोपार्जित इस्टेटीवरचा मुलाचा जन्मसिद्ध हिस्सा बापाला कागदाच्या एका फटकाऱ्यानें पुसतां आला नसता. कलकत्त्यांत तो पुसतां येत होता, आणि प्रसन्नकुमारांनीं तो पुसला.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहींत. त्यांनीं मिळकत विश्वस्तांच्या हातीं दिली आणि अशी योजना केली कीं, तिचा उपभोग प्रथम पुतणे जतींद्रमोहन यांनीं तहहयात घ्यावा. त्यांच्यामागें त्यांच्या ज्येष्ठ पुत्रानें, मग त्याच्या ज्येष्ठ पुत्रानें, याप्रमाणें पुरुषांच्या मालिकेंत ती उतरत जावी. जतींद्रमोहनांचा वंश खुंटला तर त्यांचे बंधु शौरींद्रमोहन यांच्या मुलांकडे जावी. स्त्रिया आणि स्त्रियांची संतति यांना या मालिकेंत जागा नव्हती. इंग्लंडांतले उमराव आपल्या जहागिरी ज्या रीतीनें थोरल्या पातीला बांधून ठेवीत, तीच रीत प्रसन्नकुमारांनीं गंगेच्या कांठीं आणली. मसुदा असा घट्ट विणलेला कीं, कोठें बोट शिरूं नये.

मुलानें दावा लावला. कलकत्त्याच्या हायकोर्टांतून तो विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला, आणि १८७२ सालीं निकाल लागला. न्यायाधीशांनीं सांगितलें तें साध्या भाषेंत असें: आपली मिळकत कोणाला द्यावी हें ठरविण्याचा अधिकार माणसाला आहे. परंतु वारशाची नवीच एक पद्धति निर्माण करण्याचा अधिकार त्याला नाहीं. तें काम कायद्याचें. हिंदु कायद्यांत स्त्रियांना कायमचें वगळून केवळ पुरुषमालिकेनें उतरणारी अशी मिळकतच नाहीं, तेव्हां ती एकट्या माणसाच्या इच्छेनें उत्पन्न होऊं शकत नाहीं. शिवाय दान घेणारा मनुष्य दानाच्या वेळीं अस्तित्वांत पाहिजे. मृत्युपत्राच्या बाबतींत तो मृत्युपत्र करणाऱ्याच्या मरणसमयीं जन्मलेला, निदान गर्भांत तरी असला पाहिजे. जो अद्यापि जन्मलाच नाहीं त्याच्या हातावर उदक सोडणार कसें? आणि जें सरळ करतां येत नाहीं तें विश्वस्त मध्यें घालूनही करतां येत नाहीं.

याचा परिणाम काय झाला? जतींद्रमोहनांचा तहहयात उपभोग कायम राहिला. त्यापुढची सारी मालिका पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. मग त्यापुढची मालकी कोणाची? येथें निकालांतील जी गोष्ट आली ती मला सर्वांत बोधक वाटते. "मुलाला कांहीं देऊं नये" एवढें म्हटल्यानें मुलगा वारस व्हावयाचा राहत नाहीं. मिळकत दुसऱ्या कोणाला तरी कायदेशीर रीतीनें दिली तरच ती वारसाकडून निघते. जी नीट दिली गेली नाहीं ती, मृत्युपत्रांत कितीही राग ओतलेला असो, वारसाच्या दारीं परत येते. प्रसन्नकुमारांचा वारस अर्थातच ज्ञानेंद्रमोहन. ज्याला दूर ठेवण्यासाठीं एवढी तटबंदी उभारली, तिच्या दगडांनींच त्याची पायरी बांधली गेली.

ज्ञानेंद्रमोहनाचा हक्क सिद्ध झाला खरा. पण त्या हक्काला फळ यावयाचें तें जतींद्रमोहनांच्या मृत्यूनंतर. जतींद्रमोहन १९०८ सालीं वारले. ज्ञानेंद्रमोहन त्याच्या अठरा वर्षें आधीं, १८९० सालींच लंडनमध्यें वारला होता. बापलेकांच्या त्या भांडणांत जिंकलें कोण, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

प्रसन्नकुमारांच्या मृत्युपत्रांतलें एक कलम मात्र टिकलें. कलकत्ता विश्वविद्यालयांत कायद्यावर व्याख्यानें व्हावीं म्हणून त्यांनीं नेमणूक करून ठेविली होती. टागोर व्याख्यानमाला म्हणून ती देशभर मान्यता पावली. आपल्या वकिलांच्या कपाटांतून त्या व्याख्यानांचीं पुस्तकें सांपडतात. १८९८ सालीं या मालेंत आशुतोष मुखर्जी यांनीं व्याख्यानें दिलीं. विषय कोणता असावा? मिळकत पिढ्यानुपिढ्या बांधून ठेवण्यास कायद्यानें घातलेली मनाई! प्रसन्नकुमारांच्या पैशानें प्रसन्नकुमारांच्याच योजनेची उत्तरीय तपासणी झाली म्हणावयाची.

इंग्रजांच्या देशांत तरी असल्या योजना सुखरूप पार पडत असत असें समजूं नये. पीटर थेलुसन नांवाचा लंडनचा एक सावकार १७९७ सालीं वारला. बायकोमुलांना बेताचें देऊन त्यानें उरलेली सहा लक्ष पौंडांच्या घरांतील संपत्ति अशी अडकवून ठेविली कीं, आपल्या मृत्युसमयीं हयात असलेले मुलगे व नातू सारे मरेपर्यंत तिचें उत्पन्न कोणीं खाऊं नये. तें मुदलांत मिळवीत जावें आणि शेवटीं जो ढीग होईल तो पुढच्या वंशजांना मिळावा. लोकांनीं चक्रवाढीचा हिशेब केला आणि पार्लमेंट घाबरलें. १८०० सालीं, असें उत्पन्न एकवीस वर्षांपेक्षां अधिक काळ सांठवूं नये, असा कायदा करावा लागला. तो कायदा थेलुसनच्या मृत्युपत्राला लागू नव्हता, म्हणून तें चाललें. शेवटचा नातू १८५६ सालीं वारला. वारस कोण याचा अंतिम निकाल १८५९ सालीं लागला. बासष्ट वर्षांनीं ढीग मोजला तेव्हां मूळ रकमेहून तो फारसा वाढलेला नव्हता. वकिलांच्या फिया आणि गैरव्यवस्था यांनीं चक्रवाढ व्याजाशीं उत्तम सामना दिला होता. आपल्याकडेही मिळकतीच्या हस्तांतराच्या १८८२ च्या कायद्यांत अशा सांठवणीला मर्यादा आहे: देणाऱ्याचें आयुष्य किंवा अठरा वर्षें, यांपैकीं जें लांब पडेल तें, कर्जफेड, मुलांची तरतूद व मिळकतीची निगा एवढ्यांपुरता अपवाद.

मुंबईकर श्रोते येथें म्हणतील, आमच्या शहरांत तर कांहीं घराण्यांची मिळकत थोरल्या पातीला बांधलेली असे, तें कसें? त्याचें उत्तर असें कीं, ती मृत्युपत्रानें बांधलेली नव्हे. प्रत्यक्ष कायदेमंडळानें बांधलेली. सर जमशेटजी जीजीभाई यांना बॅरोनेट हा वंशपरंपरेचा किताब मिळाला. हिंदी माणसाला मिळालेला तो पहिलाच. किताब चालावा तर त्याला शोभेलसें उत्पन्नही चाललें पाहिजे. म्हणून १८६० सालीं खास कायदा करून सरकारी रोखे व माझगांव येथील वाडा किताबाशीं जोडून देण्यांत आला. त्यांत आणखी एक गंमत होती. गादीवर येणाऱ्यानें आपलें मूळचें नांव टाकून जमशेटजी जीजीभाई हेंच नांव घ्यावयाचें. पुढें पेटिट, करीमभाई इब्राहीम, अहमदाबादचे सर चिनुभाई यांच्यासाठींही असेच निरनिराळे कायदे झाले. म्हणजे प्रसन्नकुमारांना जें जन्मभराच्या विद्वत्तेनें साधलें नाहीं तें साधावयाला स्वतंत्र कायदा पास करून घ्यावा लागत असे. मुसलमान घराण्यांत कुटुंबासाठीं वक्फ करण्याची जुनी चाल होती. तिलाही १८९४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें धक्का दिला. दानधर्माचा भाग नांवापुरता दिसतो म्हणून असा एक वक्फ रद्द ठरला. मुसलमान समाजांत मोठी खळबळ झाली, आणि १९१३ सालीं बॅ. जिना यांनीं कौन्सिलांत मांडलेल्या बिलानें तो हक्क परत मिळाला.

हिंदूंसाठींही कायदा थोडा सैल झाला आहे. १९१६ च्या कायद्यानें न जन्मलेल्यालाही देणगी देण्याची मुभा मिळाली. पण ती मुभा किती, हें नीट पाहावें. एखाद्या आजोबांनीं लिहिलें कीं, बंगला माझ्या मुलानें जन्मभर भोगावा, आणि पुढें त्याला जो मुलगा होईल तो अठरा वर्षांचा झाला म्हणजे त्याचा पूर्ण मालक व्हावा. तर हें चालतें. हयात माणसाचें आयुष्य आणि त्यापुढें एका अज्ञानाचें अज्ञानपण, एवढा पल्ला कायदा मान्य करितो. परंतु त्याच आजोबांनीं लिहिलें कीं, होणाऱ्या नातवानेंही फक्त जन्मभर भोगावा आणि पुढें पणतवाला द्यावा, तर तें चालत नाहीं. न जन्मलेल्याला द्यावयाचें तर उरलेलें सारें द्यावें लागतें. त्याच्या हातांत नुसती किल्ली देऊन दाराला दुसरें कुलूप ठोकतां येत नाहीं. नातवाचें तोंड आपण पाहिलेलें नाहीं. तो शहाणा निघेल कीं मूर्ख, हें ठरविण्याचा अधिकार काळाकडे ठेवला आहे, आणि माझ्या मतें तो योग्य ठिकाणीं आहे.

कायमचें टिकवावयाचेंच असेल तर एक मार्ग मोकळा आहे, तो धर्मादायाचा. लोकोपयोगी कार्याला ही मर्यादा लागत नाहीं. सर दोराबजी टाटा यांना मूलबाळ नव्हतें. १९३२ सालीं, मृत्यूच्या थोडेच महिने आधीं, त्यांनीं आपली जवळ जवळ सारी संपत्ति ट्रस्टच्या स्वाधीन केली. त्यांतून १९३६ सालीं समाजकार्य शिकविणारी संस्था निघाली आणि १९४१ सालीं परळचें कर्करोगाचें रुग्णालय उभें राहिलें. दोराबजींनीं या रुग्णालयाचा आराखडा काढून ठेविला नव्हता. विश्वस्तांना पैसा दिला आणि त्याबरोबर निवड करण्याची मोकळीकही दिली. प्रसन्नकुमारांच्या आणि यांच्या दस्तऐवजांत मला हा फरक फार महत्त्वाचा दिसतो.

आतां आपल्या घरांकडे येऊं. आजचा श्रीमंत गृहस्थ मृत्युपत्राबरोबर बहुधा कुटुंबाचा खासगी ट्रस्टही करितो, आणि तें पुष्कळ वेळां चांगलेंच असतें. मतिमंद मूल, अज्ञान नातवंडें, व्यवहार न कळणारी वृद्ध बहीण, यांच्यासाठीं ट्रस्टसारखी सोय नाहीं. परंतु ट्रस्टची सारी मदार विश्वस्तांवर असते, आणि आमचे लोक विश्वस्त निवडतांना मान पाहतात, वय पाहत नाहींत. सत्तर वर्षांच्या आजोबांनीं आपले चार समवयस्क स्नेही विश्वस्त नेमावे, आणि ट्रस्टचें खरें काम सुरू व्हावयाच्या वेळीं त्यांतला एकही हिंडता-फिरता नसावा, हें चित्र वकिलीच्या धंद्यांत नवें नाहीं. एक तरी विश्वस्त मुलांच्या वयाचा असावा. एक तरी असा असावा कीं ज्याला ट्रस्टमधून कांहींच मिळावयाचें नाहीं. आणि रिकामी झालेली जागा कोणीं भरावयाची हें दस्तऐवजांतच लिहिलेलें असावें.

त्याआधीं एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तोच विचारला जात नाहीं: जें आपण देत आहोंत तें आपलें आहे काय? स्वकष्टार्जित मिळकत हिंदु मनुष्य वाटेल त्याला देऊं शकतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतींतला आपला हिस्साही, १९५६ च्या कायद्यापासून, मृत्युपत्रानें देतां येतो. पण फक्त आपला. त्या मिळकतींत मुलींनाही जन्मतः हक्क आहे, ही गोष्ट अजून पुष्कळ सधन घरांतून ऐकूं न आल्यासारखी केली जाते. महाराष्ट्रानें अविवाहित मुलींना तो १९९४ सालीं दिला, साऱ्या देशांत सर्व मुलींना तो २००५ सालीं मिळाला, आणि त्या सालीं बाप हयात असण्याची जरूर नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. लग्नांत सोनें घातलें म्हणजे मुलीचा हिशेब चुकता झाला, हा आपला घरगुती कायदा कोर्टांत चालत नाहीं. मुलींना विश्वासांत न घेतां केलेली "सर्वांच्या संमतीची" व्यवस्था दहा वर्षांनीं कोणत्या स्वरूपांत समोर येते, हें मीं इतक्या घरांतून पाहिलें आहे कीं आतां आश्चर्य वाटत नाहीं.

मुसलमान गृहस्थाला, वारसांची संमति नसेल तर, एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्र करतां येत नाहीं. गोमंतकांतील रीत आणखी निराळी. तेथें पोर्तुगीज अमदानीपासून नवरा-बायकोची मिळकत सामान्यतः निम्मी निम्मी धरली जाते, आणि आपल्या निम्म्यांतही अर्धा भाग मुलांसाठीं राखून ठेवावा लागतो. मुलाला वाऱ्यावर सोडणारें मृत्युपत्र तेथें होऊंच शकत नाहीं. २०१२ च्या गोव्याच्या कायद्यानेंही हेंच तत्त्व पुढें चालविलें आहे. मुंबईंत घरें घेतलेल्या गोमंतकीय कुटुंबांनीं येथें कान द्यावा. मुंबईंतल्याच एका मिळकतीच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं असा निर्णय दिला कीं, मूळच्या गोमंतकीय रहिवाशाची मिळकत गोव्याबाहेर असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा लागतो. गिरगांवांतल्या किंवा दादरच्या घरावर मडगांवचा कायदा चालतो, हें पुष्कळांच्या गांवींही नसतें.

करांविषयीं थोडक्यांत सांगतों. १९५३ पासून आपल्याकडे मृत्युकर होता, आणि त्याचा वरचा दर शेंकडा पंचाऐशींपर्यंत गेला होता. १९८५ च्या मार्च महिन्यांत तो उठला. तरीही त्या कराच्या धास्तीनें जुळविलेल्या कागदांचा वारसा कांहीं घरांतून अजून चालू आहे. कर गेला, पण चुलत्यांच्या नांवावर ठेविलेलीं घरें परत आलीं नाहींत. परदेशीं गुंतवणूक करणाऱ्यांना मात्र निश्चिंत राहतां येणार नाहीं. अमेरिकेचा रहिवासी नसलेल्या माणसानेंही अमेरिकन कंपन्यांचे शेअर ठेविले आणि त्यांची किंमत साठ हजार डॉलरांच्या वर गेली, तर त्याच्या मृत्यूनंतर तेथील सरकार मृत्युकर मागतें. त्याचा वरचा दर शेंकडा चाळीस आहे. मुलगा कॅलिफोर्नियांत असल्यानें ही रक्कम माफ होत नाहीं.

आणखी एक समजूत फार घर करून बसली आहे, ती नॉमिनीची. बँकेंत, कंपनींत, सोसायटींत नांव लावलें कीं पैसे त्याचे झाले, असें लोक धरून चालतात. नॉमिनी हा पैसे ताब्यांत घेणारा, मालक नव्हे. कंपनीच्या शेअरांबद्दल जो वाद होता तोही सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं याच बाजूनें मिटविला. थोरल्या मुलाचें नांव केवळ सोयीसाठीं सगळीकडे लावून ठेवणारा बाप धाकट्यांच्या मनांत संशयाचें बीं आणि थोरल्याच्या मनांत मालकीचा भ्रम, दोन्ही एकाच सहीनें पेरून जातो.

मृत्युपत्राला स्टँप लागत नाहीं, नोंदणीची सक्ति नाहीं. करणाऱ्याची सही आणि ती सही प्रत्यक्ष पाहिलेल्या, किंवा ती आपलीच आहे असें त्याच्या तोंडून ऐकलेल्या, दोन साक्षीदारांच्या सह्या एवढ्यावर तें पुरें होतें. इतकें सोपें आहे म्हणूनच कोर्ट त्याच्याकडे डोळे वटारून पाहतें. १९५८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगून ठेविलें कीं, मृत्युपत्राभोंवतीं संशयाला जागा असेल तर तो संशय निवारण करण्याचें ओझें तें पुढें करणारावर आहे. सही थरथरलेली, जवळच्या माणसाला कांहीं कारण न देतां वगळलेलें, आणि ज्याला सर्वांत अधिक मिळालें त्यानेंच लिहविण्यांत पुढाकार घेतलेला, असा कागद निघाला म्हणजे भांडणाला आमंत्रणच. म्हणून प्रकृति धड असतांना लिहावें. कोणाला कमी दिलें असेल तर त्याचें कारण दोन ओळींत, कडवटपणा न आणतां लिहावें; तेवढ्या दोन ओळी पुष्कळदां मिळकतीपेक्षां अधिक मोलाच्या ठरतात. साक्षीदार आपल्याहून तरुण घ्यावे, त्यांतला एक आपल्या नित्याच्या डॉक्टरांपैकीं असल्यास उत्तम. आणि एक्झिक्यूटर कोण, हें त्याला आधीं विचारून ठरवावें. आपण एक्झिक्यूटर आहों हें स्मशानांतून परतल्यावर कळलेले गृहस्थ मला भेटलेले आहेत!

राहतां राहिला एक प्रश्न, तो लिहिलेला कागद ठेवावयाचा कोठें हा. देवघरांतल्या फडताळांत ठेवला तर तो कोणाच्याही हातीं पडतो. बँकेच्या पेटींत ठेवला तर पेटी उघडावयाला आधीं वारस ठरावा लागतो, आणि वारस ठरावयाला तोच कागद लागतो. नोंदणीच्या १९०८ च्या कायद्यांत एक सोय आहे, तिचा उपयोग लोक फारच कमी करितात. मृत्युपत्र पाकिटांत घालून, त्यावर मोहोर करून, वर आपलें नांव आणि आंत काय आहे एवढें लिहून, तें जिल्ह्याच्या निबंधकाकडे स्वतः नेऊन द्यावें, किंवा रीतसर अधिकार दिलेल्या मुखत्यारामार्फत पाठवावें. निबंधक तें न उघडतां वहींत नोंदवून अग्निसुरक्षित पेटींत ठेवतो. आंतला मजकूर कारकुनालाही दिसत नाहीं. विचार बदलला तर अर्ज करून पाकीट परत घेतां येतें. मृत्यूनंतर कोणींही अर्ज केला कीं निबंधक त्याच्यासमक्ष पाकीट उघडतो, अर्जदाराच्या खर्चानें त्याची नक्कल वहींत उतरतो आणि मूळ प्रत पुन्हां आपल्याजवळ ठेवतो. पाकीट तेथें दिलें आहे, एवढी एक गोष्ट मात्र घरांतल्या दोघां-तिघांना सांगून ठेवावी, एकट्यालाच नव्हे.